पोचल्याची खूण

केयूरनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं. अलार्मच्या पॅनेलवर हिरवा दिवा लुकलुकला. तेजस्वी हातातल्या फोनकडं बघत राहिली. फोनवर काहीच आलं नाही.

"बगितलंस?" ती म्हणाली. "त्या दिवशी बी असंच झालं असंल का रं?"

मालुबाईंचे दिवस होऊन आठवडा उलटला होता. पिरनवाडीला माझ्याकडं राहायला ये म्हणून लेकीनं लाख विनवण्या केल्या, पण म्हातारी कोगनोळीतल्या म्हशी सोडून हलायला तयार नव्हती. शेवटी तेजस्वीनं घराला अलार्म बसवून घेतला. परसदार उघडलं, दिवा लागला, की तिच्या फोनवर मेसेज जायचा. अडीअडचणीला लाल बटण होतं. एक भिंतीवर, एक मालुबाईंच्या गळ्यात.

दिव्या-दारांची यंत्रणा एका कंपनीची, अलार्म दुसऱ्या कंपनीचा. दोघांचा जावाजावांसारखा अबोला. दाराचा मेसेज बिनचूक यायचा, बटणाचा मात्र लहर आली तर. म्हणून महिन्यापूर्वी निपाणीहून अलार्मची कामं करणाऱ्या केयूरला बोलावलं आणि त्यानं दोन्ही एकमेकांना जोडून दिली.

तो दिवस केयूरला लख्ख आठवत होता. बटण दाबल्यावर त्याच्या फोनवर टिंग वाजलं तशा मालुबाई लहान पोरीसारख्या हसल्या. "बोलतंय की रं!"

"आता एवढं शेवटचं करतो, मावशी."

"आदी जेव. भाकरी गरम हाय तवर." त्यांनी ताट वाढलंसुद्धा. पोटच्या पोराला वाढावं तसं वाढलं, वर लोण्याचा गोळा. तो जेवून हात धुतोय तोवर सदलग्याच्या गिऱ्हाइकाचे फोनवर फोन सुरू झाले होते. तसाच पळाला.

पुढं पंधरवड्यातच तो मंगळवार उजाडला. सकाळी सहाला परसदार उघडल्याचा मेसेज तेजस्वीला आला. आई उठली म्हणून ती निर्धास्त शाळेत शिकवायला गेली. मालुबाई गोठ्याजवळ पडल्या होत्या. अकराला शेजारचा भरमू डोकावला तेव्हा सगळं आटोपलं होतं. बटण त्यांच्या मुठीत होतं.

"जयाकाकी सगळ्यास्नी सांगत सुटलीया," तेजस्वी म्हणाली. "मेसेज आलता, हिनंच बगितला न्हाय. मी वर्गात फोन न्हेत न्हाय, केयूर. सुट्टीत बगितला तवा काय नव्हतं. का हुतं, आन् माझ्याच हातनं पुसलं? तेवढं एक सांग मला. माझी चूक असंल तर तसं सांग."

"तुमची चूक न्हाय, आक्का. हितं फोन कवा कर्नाटकाचा टॉवर धरतोय, कवा महाराष्ट्राचा. अडकला असंल मधीच." मग त्याला राहवेना. "मी निपाणीतच हुतो ओ त्या दिवशी. मला नुस्तं कळलं असतं तर पंधरा मिनटात आलो असतो."

"तुला कोण कळवणार, बाबा," म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले.

केयूरनं पॅनेलमधली नोंद उघडली. मंगळवार. सहा दहा. सहा बारा. सहा एकतीस. मालुबाईंनी तीनदा बटण दाबलं होतं. तिन्हींपुढं एकच शब्द होता: पोचला.

तेजस्वीनं त्याच्या खांद्यावरून वाचलं. भिंतीला टेकून ती मटकन खाली बसली. "पोचला म्हंजे मलाच की रं. आई बोलवत हुती आन् मी..." पुढचं रडण्यात गेलं. कपाळ बडवून घेत ती आईची माफी मागत राहिली.

"आक्का, थांबा. असं नका करू. कुठल्या नंबरला गेला ते तर बगू."

त्यानं मेसेज जायच्या नंबरांची यादी उघडली. यादीत एकच नंबर होता.

केयूरनं ते आकडे दोनदा वाचले. मग त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला. गावोगावच्या टेस्टचे मेसेज दिवसभर डोकं उठवतात म्हणून जागेवरची टेस्ट आटोपली की तो कप्पा तो मुका करून ठेवायचा. तो त्यानं उघडला आणि मालुबाईंचं नाव शोधलं. आत्ताच दाबलेल्या बटणाचा मेसेज सगळ्यात वर होता. त्याच्या खाली आणखी तीन होते, न उघडलेले: मालुबाई, कोगनोळी. मदत पाहिजे.