फोटोचा हार

हार लखननेच गुंफला होता. पांढरी शेवंती, मध्ये निशिगंध, दोरा ताणून बांधलेला. आठ महिन्यांपूर्वी त्याचे हात इतके कापायचे की सुईत दोरा ओवता येत नव्हता. म्हणून यशोदाबाई मळ्यातून लेकाच्या हाराची परडी कौतुकाने घेऊन आली. शूटिंगला फोटोचा हार पाहिजे, एवढंच तिला सांगितलं होतं. फोटो कुणाचा, हे कुणी बोललं नव्हतं.

घरात पाऊल टाकलं आणि ती थबकली. तिच्याच भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला, मोठ्या फ्रेममध्ये लखन हसत होता.

"हा कशापायी लावला?"

"शेवटचा सीन आहे, मावशी," दिग्दर्शक समर्थ म्हणाला. गंगापूर रोडचा शहरी पोरगा, बोलायला गोड. "लखनचं पात्र शेवटी नशेत मरतं. मग आई फोटोला हार घालते."

"पण लखन मेला नाय."

"मावशी, हा सिनेमा आहे."

सिनेमा आहे हे तिलाही कळत होतं, ती काही खुळी नव्हती. याच खोलीत बसून समर्थने तीन महिने लखनची सगळी कहाणी मोबाइलवर भरून घेतली होती. पावडर कुणी चाखवली, कुठे मिळायची, ती मिळवायला काय काय चोरलं. लखनने अख्ख्या जन्मात फक्त गाड्यांमधलं पेट्रोल चोरलं होतं आणि शेजाऱ्यांचे दोन मोबाइल. पिक्चरमध्ये त्याचं काम त्यालाच करायला लावून हातात पिस्तूल दिलं होतं. तेही तिने चालवून घेतलं. पोरगं सुधारलं हे चार लोकांना दिसेल, या एका आशेवर तिने घर मोकळं करून दिलं होतं.

"अन् तो बरा होऊन घरी आला, ते?" तिने विचारलं. "ते बी सांगितलं होतं त्यानं तुम्हाला."

"त्यात दाखवणार काय, मावशी? पहाटे उठतो, फुलं तोडतो, मोटर चालू करतो, झेंडूला पाणी देतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. लोक उठून जातील."

"रोज तेच करतो, म्हणून तर जिता हाय."

यावर समर्थ नुसता हसला. वयस्कर माणसांशी वाद घालायचा नाही, हे त्याला कुणीतरी चांगलं शिकवलं असावं. तिला त्या हसण्याचा संताप आला.

तिने परडीवर पदर ओढला. जित्या माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"आई, दे ना हार," लखन दारातून म्हणाला. "शब्द दिलाय मी. सगळे खोळंबलेत."

"तुझ्या हातानं गुंफलास ना रे हा!"

"मला कुठं माहीत होतं?" त्याने मान खाली घातली.

आता तिला समर्थपेक्षा लखनचाच जास्त राग आला. जो कुणी गोड बोलेल त्याला हा हो म्हणणार. पावडर पुढे करणाऱ्यालाही असाच हो म्हणाला होता.

तिने हार दिला नाही. कुणाचं काही अडलंही नाही. सामानाच्या पेटीतून प्लास्टिकचा चंदनी हार निघाला आणि फोटोवर चढला. पिक्चरमधली आई झालेली नटी फोटोखाली बसली, तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब पडले.

"सर, मी कुठं उभा राहू?" लखनने विचारलं.

"तू? तू बाहेर. तू मेलायस."

सगळे हसले. लखनही हसला आणि ओट्यावर जाऊन बसला. पण त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. यशोदाबाईने ते पाहिलं. पावडरीच्या दिवसांत तो हात असे कधी दाबून धरायचा, हे तिला पाठ होतं.

"सायलेन्स!" समर्थ ओरडला.

घर चिडीचूप झालं. पिक्चरमधली आई हुंदके देऊ लागली. छान रडत होती, अगदी कुणाचंही काळीज हलेल असं. यशोदाबाई मागच्या दारात परडी घेऊन उभी होती. रडताही येईना आणि ओरडताही येईना. एवढ्यात समोर विहिरीजवळच्या मोटरीच्या खोलीवरचा बल्ब लागला. शेतीची लाईट आली की कळावं म्हणून तो कायम चालूच ठेवलेला असे.

रोज ती हाक मारायची, तशीच तिने मारली. आज जरा जोरातच मारली.

"लखन! लाईट आली!"

"आलो, आई!"

"कट!" समर्थने डोक्याला हात लावला. "मावशी, काय हे! आणि तो दुसरा आवाज कुणाचा?"

साउंडवाल्याने कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"मेलेल्याचा, सर."

समर्थ ओट्यावर आला, तर ओटा रिकामा होता. लखनच्या चपला तिथेच पडल्या होत्या आणि तो बांधावरून अनवाणी पळत विहीर गाठत होता.

पुन्हा तयारी झाली. पिक्चरमधल्या आईच्या डोळ्यांत पुन्हा थेंब पडले. पुन्हा "सायलेन्स" झालं. आणि विहिरीवरची मोटर घरघरत सुरू झाली. पाठोपाठ टाकीत पाणी धबाधब पडू लागलं. साउंडवाल्याने हात वर केला.

"असं नाही चालणार, सर. सगळीकडे हाच आवाज येतोय."

समर्थ तणतणत मागच्या दारी आला. यशोदाबाई पायरीवर बसून परडीतल्या हारावर पाणी शिंपडत होती.

"मावशी, त्याला सांगा ना ती बंद करायला. किती वेळ चालणार आहे हे?"

"आत्ता कुठं सुरू झालंय," ती म्हणाली. "आठ तास लाईट हाय."