पाहुण्याचा कप

पाहुण्याची पावलं अजून जिन्यावर वाजत होती, तोवर घड्याळजीनं त्याचा चहाचा कप दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि कचऱ्याच्या डब्यात, बटाट्याच्या सालांवर टाकून दिला. मेलेला उंदीर उचलावा तसं तोंड केलं होतं त्यानं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दर आठवड्याला एक कप कमी व्हायचा, आणि तो म्हणायचा, फुटला. म्हणजे आजवर कप फुटत नव्हते तर.

दर शुक्रवारी शब्बाथच्या, ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या जेवणाला हाच नवरा कुणातरी परक्याला हाताला धरून घेऊन यायचा. "ज्यू घरात आज पाहुणा हवाच," असं म्हणायचा, आणि आग्रह करकरून वाढायचा. आज वरच्या मजल्यावरच्या बस ड्रायव्हरला आणलं होतं. त्याची बायको वारल्यापासून एकटा, पावाच्या तुकड्यावर दिवस काढणारा. सूप त्यानं दोनदा मागून घेतलं होतं.

"असं का केलंत?" तिनं विचारलं.

"आपलं वेगळं असतं. त्यांच्या तोंडात काय काय जातं, देव जाणे."

"आपले खाण्यापिण्याचे नियम स्वयंपाकाला आहेत. माणसाच्या तोंडाला नाहीत."

"तुला नाही कळायचं."

तेवढ्यात दार ढकलून ड्रायव्हर आत आला. चष्मा विसरला होता. टेबलाकडे जाता जाता त्याची नजर डब्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "पुढच्या खेपेला कप मी घरूनच आणीन."

चष्मा उचलून तो निघून गेला.

"बघ, समजूतदार आहे," घड्याळजी म्हणाला आणि हात धुवायला लागला. साबण लावून, पार कोपरापर्यंत.

या हातांनी वाढलेलं आपण इतकी वर्षं गोड मानून खाल्लं. ती बाहेर पडली आणि जिना चढून वर गेली.

तिला दारात बघून ड्रायव्हर गोंधळला. "तुम्हाला आमच्याकडचं चालत नाही ना?"

"जेवण चालत नाही. पाणी चालतं."

त्यानं काचेचा पेला विसळला. मग पुन्हा एकदा विसळला. ती पेल्याला तोंड लावून शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायली.

ती खाली आली तेव्हा घड्याळजी अजून हातच पुसत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वरच्या घरचं पाणी पिऊन आलेय," ती म्हणाली. "आता मलाही टाका."