हद्दूचा तपकिरी कोट

हद्दूने पेटीचा तळ तिसऱ्यांदा उपसला. कोट नव्हताच.

"इत्तो! माझा तपकिरी कोट कुठाय?"

बायको विणायच्या मागापाशी पाठमोरी बसली होती. लोखंडी फणीचे ठोके चालूच होते. "असेल तिथंच. नीट बघा."

"तीनदा बघितलं. डोळे फुटलेत का माझे? उद्या बाजारात जायचंय मला."

शहरातल्या इस्पितळात चाळीस दिवस काढून तो कालच अॅटलसच्या डोंगरातल्या आपल्या घरी आला होता. मुलाने जीपमधून आणलं, हाताला धरून उतरवलं आणि बापाकडे न बघता तो परत गेला. डॉक्टर मुलाशी बोलले, मुलगा आईशी बोलला. हद्दूशी मात्र कुणी धड काही बोललं नव्हतं. बरं वाटेल हळूहळू, एवढंच सगळे म्हणत. म्हणून तर त्याला बाजार हवा होता. घ्यायचं-विकायचं काही नाही. चार माणसांत चहा प्यायचा, दोन मेंढ्यांचे दात तपासायचे आणि आपल्या पायांनी घरी यायचं. एवढं जमलं तर आपल्याला काही झालेलं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि बाजारात तो कोटाशिवाय वीस वर्षांत कधी गेला नव्हता.

भिंत धरत धरत तो पाणी प्यायला चुलीपाशी आला. गरम किटली उतरवायला खुंटीवर फडकं टांगलेलं होतं. ते त्याच्या निळ्या सदऱ्याचं होतं, खिशासकट. बरं, सदरा विटलाच होता म्हणा. दाराच्या फटीतून वारा येऊ नये म्हणून खाली एक लांबोडकं बोचकं लावलेलं होतं. नीट पाहिलं तर ते त्याच्या विजारीचा एक पाय निघालं, आत भुसा भरून दोन्ही टोकांना शिवलेलं. दुसरा पाय शोधायला लांब जावं लागलं नाही. कोपऱ्यातल्या टोपलीत, खुडूक कोंबडीच्या खाली होता.

"अगं, माझ्या विजारीवर कोंबडी बसवलीस?"

"गुडघ्यात फाटली होती. तुम्हीच म्हणाला होतात, टाकून दे."

"टाकून दे म्हणालो होतो. कोंबडीला दे कुठं म्हणालो?"

इत्तो हसली नाही. एरवी हसली असती, वर दोन शब्द सुनावलेही असते. आज तिने नुसती फणी ठोकली आणि हद्दूला ते मुळीच आवडलं नाही.

तो मागासमोर येऊन उभा राहिला. जुन्या कपड्यांच्या चिंध्या करून सतरंज्या विणणं त्या गावात घरोघरी चाले, त्यात नवल ते काय! पण ही सतरंजी त्याने खालून वरपर्यंत निरखली. खाली त्याचा हिरवा मफलर. त्यावर सणासुदीचा पांढरा सदरा. आणि सगळ्यात वर, नुकताच ठोकून बसवलेला चार बोटं तपकिरी पट्टा. उरलेल्या पट्ट्यांचा गुंडा इत्तोच्या मांडीवर होता.

हद्दू खालीच बसला. "तो काही विटला नव्हता."

"कोपरांवर झिजला होता."

"खोटं बोलू नकोस. गेल्या हिवाळ्यात तूच ठिगळं लावलीस कोपरांना."

फणी थांबली.

"इतकी घाई झाली होती तुला?" त्याचा आवाज चिरकला. "माणूस अजून श्वास घेतोय आणि इथं त्याची फडकी करून ठेवलीस! काय म्हणाला डॉक्टर? सांग. मी काय दूधपितं पोर आहे?"

इत्तो वळली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"तुमचा भाऊ गेला तेव्हाचं आठवतं? त्याचे सगळे कपडे गोरगरिबांना वाटून टाकले. रीतच आहे, वाटावेच लागतात. महिन्याभराने तुमची भावजय झऱ्यावर गेली, तर समोरून त्याचा पायघोळ जलाबा चालत येतोय. त्या झग्याचं टोपडं डोक्यावर ओढलेलं. आत कुणी परका मेंढपाळ! घागर टाकून धावली हो ती त्याच्यामागे, भावोजींच्या नावाने हाका मारत. सगळ्या गावाने बघितलं." तिने ओढणीने नाक पुसलं. "मला नाही तसं धावायचं. माणूस गेल्यावर त्याचा कपडा घरात ठेवता येत नाही. पण जितेपणी विटलेलं, फाटलेलं कोण मागायला येतंय? किटलीचं फडकं कोण नेतंय? म्हणून फाडले. चांगलेसुद्धा फाडले."

हद्दूने गुंड्यातल्या तपकिरी पट्टीचं टोक बोटांत धरलं. उद्याचा बाजार आता राहिलाच. त्याला भीती वाटत होती, आणि राग येत होता. पण तो नेमका कुणावर काढावा हे त्याला कळेना.

"मुलाला माहीत आहे हे?"

"नाही. त्याला सांगितलं, तुमचं अंग उतरलंय, कपडे ढगळ होतात."

"आणि किती विणायची राहिली ही?"

"वीतभर."

"कोट पुरेल तेवढ्याला?"

तिने मान हलवली. नाही.

मग हद्दूने आपले दोन्ही हात वर केले, लहान मूल करतं तसे. "ओढ."

"अहो, असं काय करता? थंडी केवढी आहे. आणि हा स्वेटर चांगला आहे अजून."

"ओढ म्हणतो ना. फाटेपर्यंत थांबायला आता सवड कुणाला आहे?"

तिने स्वेटर त्याच्या डोक्यावरून ओढून काढला. घोंगडीत त्याला गळ्यापर्यंत गुंडाळलं, चुलीत दोन लाकडं सारली आणि ती परत मागापाशी जाऊन बसली. तिने कात्री लावली तेव्हा बाही अजून गरम होती.