अकॅडमीच्या भिंतीवरचा फौजी

“डोळे सगळ्यात शेवटी काढ. आणि ज्याला बोलवायचंय, त्याच्यावरच रोखून काढ.”

उस्ताद जाऊन वर्षं झाली, तरी फौजी रंगवताना मच्छिंद्र पेंटरला हे शब्द ऐकू यायचेच. नवीन जालन्यातल्या सैनिक भरती अकॅडमीची ही भिंत. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला रामराव सरांच्या ऑफिसचं दार. वर्दी रंगवून झाली होती. खाली ओळ होती : ‘सीमा बोलावते आहे. तू कुठे आहेस?’ सरहद्दीवर लढाई पेटल्यापासून सरांनी गावोगाव अशा भिंती रंगवून घेतल्या होत्या. इथं आता चेहरा तेवढा राहिला होता.

“दादा, हसनाबादच्या स्टँडजवळचा फौजी तुमचाच का?”

फाटकाशी एक बाई उभी होती. हातात परडी, कपाळावर ठसठशीत कुंकू.

“माझाच. का हो मावशी?”

“मी झुंबरबाई, तिथलीच. मव्हा बबलू रोज त्याच्यासमोर उभा राह्यचा. म्हणायचा, आई, ह्यो मलाच बोलवून राह्यला.”

मच्छिंद्र सुखावला. चित्राचं याहून मोठं कौतुक कोणतं?

“मंग शिकायला इथंच आल्ता,” ती म्हणाली.

“म्हणजे सरांचा चेला! झाला म्हणा फौजी.”

तिनं परडीतून फोटो काढला. “ह्याचा चेहरा काढता का?”

पोरगा गोड हसत होता. नाहीतर कॅलेंडरवरचाच गुळगुळीत चेहरा काढायचा होता. खरा फौजी पाहून सरही खूश होतील.

“कॉलर बराबर बसू द्या,” ती म्हणाली. “मान लई बारीक झाल्ती, पळून पळून.”

“चहा सांगू?”

“न्हाई दादा. सोमवार हाय. त्याच्यासाठी धरलेत.”

चेहरा उतरत गेला, तशी ती जवळ सरकली. मच्छिंद्रनं डोळ्यांसाठी बारीक ब्रश घेतला.

“नजर रस्त्याकडं नका देऊ. त्या दाराकडं द्या.”

“अहो मावशी, सरांना भरती करायचंय का काय या वयात?” तो हसला.

ती हसली नाही. “रस्त्यानं दुसऱ्यांची लेकरं जातेत.”

गुरूकडं नजर असावी असं वाटत असेल माउलीला, म्हणून त्यानं ऐकलं.

“आन ऊनपावसानं जाऊ देऊ नका त्याला.”

“उद्या येऊन वार्निश मारतो. वचन देतो.”

रंग ओला होता. तिनं हात न लावता लांबूनच त्या गालांवरून बोटं फिरवली, कानशिलावर मोडली आणि बस धरायला निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्र वार्निश घेऊन आला, तेवढ्यात रामराव सरांची मोटारसायकल आली. दाराचं कुलूप काढून ते वळले आणि तिथंच थांबले.

“हा चेहरा कुठून आणला?”

“तुमचाच बबलू, सर. आई आल्ती त्याची.”

“पूस ते. आत्ताच्या आत्ता पूस.”

“का सर? फौजी पोरगा—”

“कसला फौजी!” सर दाराला टेकले. “उन्हाळ्यात या मैदानावरच पडला, तो उठलाच नाही. पाणी मागत होता. मी म्हणलो, वर्दी पाहिजे ना, मंग एक राउंड अजून मार.”

मच्छिंद्रनं भिंतीकडं पाहिलं. मग वार्निशचा डबा घेतला आणि शिडी चढला.