जाड पान

रजिस्टरचा कणा मोडला होता, म्हणून चिटणीस मुलीची हकालपट्टी चार दिवस पुढे गेली.

कॉलेजच्या प्रार्थना मंडळाचं ते तीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर. त्याच्या एकेचाळिसाव्या पानावर सातवा नियम होता : पुरुषाने पुरुषावर वा स्त्रीने स्त्रीवर प्रेम करणे धर्माविरुद्ध असल्याने अशा व्यक्तीस मंडळात पद देऊ नये. चिटणीस मुलीने आपण होऊन अध्यक्षाला सांगितलं होतं, की आपलं एका मुलीवर प्रेम आहे. देवासमोर उभं राहायचं आणि मनात चोरी ठेवायची, हे तिला जमेना. अध्यक्ष तिच्याच वर्गातला, भला पोरगा. तो रडवेला झाला, पण म्हणाला, "नियम म्हणजे नियम गं. सभेत मूळ रजिस्टरमधून वाचावा लागेल."

रजिस्टर उघडलं तर पानंच हातात आली. मंडळाचे सल्लागार सर म्हणाले, "अरे, हिचे वडील बाइंडरच आहेत की! द्या त्यांच्याकडे. शुक्रवारी सभा घेऊ."

म्हणजे आपल्या फाशीचा दोर आपल्याच घरी वळायला टाकायचा. मुलगी हसली, कारण चारचौघांत रडायची तिला सवय नव्हती.

दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. बाबा देवाचे पक्के. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय खळीच्या भांड्याला हात लावत नसत. आणि त्या खळीची काय टाप होती रेषेबाहेर जायची! आईला हयातभर त्यांच्या सदऱ्यावर एक डाग सापडला नाही, आणि आई डाग शोधण्यात कमी नव्हती. मुलगी सगळ्या जगाला सांगू शकली असती, पण बाबांना सांगायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटे. जिच्यावर प्रेम ती चष्मेवाली आठवड्यातून दोनदा वह्या बांधून घ्यायच्या निमित्ताने येई. इतक्या वह्या कोणती मुलगी वापरते, हे बाबांनी कधी विचारलं नव्हतं.

"बाबा, शुक्रवारपर्यंत फक्त कणा बदला," मुलगी म्हणाली. "आत वाचण्यासारखं काही नाहीये."

"बांधायला आलेलं मी वाचत नाही." बाबांनी रजिस्टर तळहातावर तोललं. "तरुणपणी एकदा वाचलं होतं. तेव्हापासून कानाला खडा."

त्यांनी सगळी पानं अंगठ्याखालून भराभर सोडली. एका जाड पानाशी अंगठा अडला. तेच पान.

"शुक्रवारी काय आहे?" बाबांनी विचारलं.

"सभा. यातला एक नियम वाचायचाय. त्यावरून एकाला काढायचंय."

"आणि याआधी? काढलंय कुणाला?"

"दोघं आपणच निघून गेले म्हणे. त्यातल्या एकानं कॉलेजच सोडलं."

बाबांनी रजिस्टर अलगद मिटलं. मग म्हणाले, "जा, चहा ठेव."

शुक्रवारी सकाळी रजिस्टर तयार होतं. नवा कणा, नवे पुठ्ठे. देताना बाबांची बोटं कपडे धुतल्यासारखी सुरकुतलेली होती.

सभेला बावीसजण जमले. चष्मेवाली मंडळात नव्हती. ती बाहेर व्हरांड्यात नखं खात उभी होती. अध्यक्षाने घसा खाकरून सातवा नियम वाचला. कुणी वर पाहिना. लवकर आटपावं म्हणून त्याने पान उलटलं आणि तो थांबला.

"सर, इथे बेचाळिसावं पान आहे."

"मग? एकेचाळीसनंतर काय पंचाण्णव येणार?"

"आपल्या नकलेत एकेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस आहे, सर."

सर उठून आले. अध्यक्ष वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज चढत गेला. "वर्षअखेरची सभा. सातव्या नियमावर दोन तास चर्चा झाली. कोण कोणावर प्रेम करतो हे पाहण्यास देव समर्थ आहे. मंडळाने प्रार्थना करावी. नियम सातवा एकमताने रद्द." खाली आणि समोरच्या त्रेचाळिसाव्या पानावर मिळून एकोणीस सह्या होत्या.

सरांनी पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा बघा खळीचा पापुद्रा. दोन पानं चिकटली होती. कुणा गबाळ्या बाइंडरनं खळ सांडली आणि आपण तीस वर्षं रद्द झालेला नियम पाळतोय!"

आधी एकजण हसला, मग सगळेच हसले. सगळ्यात मोठ्याने अध्यक्ष हसला. बिचारा चार दिवस नीट जेवला नव्हता. त्याने पेन मुलीपुढे सरकवलं. "चिटणीस, लिही. रिकामी काय बसलीस?"

छातीवरचा धोंडा उतरला होता, तरी इतिवृत्ताची पहिली ओळ वाकडीच आली.

ती पळतच दुकानात शिरली. बाबा कागद कापत होते.

"बाबा, कुणालाच काढलं नाही! दोन पानं चिकटली होती, त्यात नियम रद्द केल्याचं लिहिलेलं होतं. तुमच्याकडे ओल लागून सुटली असतील, नाही?"

"सुटली असतील."

"सर म्हणाले, तेव्हाचा बाइंडर गबाळ्या असणार."

बाइंडरच्या जातीला कुणी नावं ठेवली की बाबा एरवी तासभर भांडत. आज ते नुसतेच म्हणाले, "गबाळ्या असता तर बरं झालं असतं." मग कात्री खाली ठेवून म्हणाले, "रविवारी त्या तुझ्या चष्मेवालीला जेवायला बोलाव. वह्या आणायची गरज नाही म्हणावं."

मुलीचे डोळे भरून आले. किती वर्षं ती या माणसाला भीत आली होती! डोळे दिसू नयेत म्हणून ती खाली वाकली आणि जमिनीवरची कात्रणं गोळा करू लागली. त्यांत रजिस्टरचा जुना पुठ्ठा होता. तिने तो उलटा केला.

आतल्या कोपऱ्यात बाइंडरची इवलीशी चिठ्ठी होती : याच दुकानाची. खाली तीस वर्षांपूर्वीची तारीख, बाबांची मोत्यासारखी सही, आणि आजूबाजूला कुठेही खळीचा एक थेंबसुद्धा सांडलेला नव्हता.