रक्तातले रखवालदार

खुशालने उभा जन्म लाकडाच्या डेपोवर रखवाली केली. पाय टम्म सुजला, ताप चढला, तरी दवाखान्यात तो सुई घेईना.

“रक्तात शिपाई रायतात म्हनता ना, मंग ते कायले आहेत?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बाबाजी, हे जंतू आपल्या शरीरासारखाच अंगरखा घालतात. शिपाई त्यांना घरचेच समजून सोडून देतात.”

खुशाल खो-खो हसला. “असे बयताड शिपाई कामावरून काढून टाकाले पायजे.”

बाजूला बसलेली त्याची बायको शकुंतलाबाई म्हणाली, “अन् खाकी घालून आलेला चोर ट्रकभर सागवान घेऊन गेला, तवा फाटक उघडून त्याले सलाम कोनं ठोकला होता?”

 

खुशालने बाही वर सारली. “टोचा बाई. रखवालदाराचा काही भरवसा नाही.”