बिनहाडाचं मटण

मसूर बोटचेपा झाला, तसा लताबाईने तो पळीने अर्धवट घोटला. फार घोटला तर आमटी होते, कमी घोटला तर दाणा जिभेला सापडतो. खिमा वाटावा इतकाच.

शेजारच्या विमलाबाई वाटण घेऊन दारात उभ्या होत्या. हल्ली कांदा-खोबरं त्या आपल्याच स्टोव्हवर भाजत आणि वाटून आणून देत.

"किती दिवस फसवशील गं म्हाताऱ्याला?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या घरून वाटीभर खरं आणून देते की."

"नको, विमलाताई. त्यांच्या तोंडी जायला नको."

घरात मटण शिजवायचं नाही, हे ठरलेलं होतं. आबांना ते कळू द्यायचं नाही, हेही. आबांचं काळीज नाजूक झालंय, धक्का सोसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आबा म्हणजे तिचे सासरे, कोंडाजी. चांदवडकडच्या कांद्याच्या वाफ्यांत उभा जन्म गेला, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ते नाशिकला लेकाच्या घरी आले. रविवार आणि बुधवार त्यांनी कधी चुकवला नव्हता. तापाने फणफणत असतानाही रस्सा भुरकणारा माणूस. त्यांना 'आज मटण नाही' म्हटलं असतं, तर त्यांनी 'का?' विचारलं असतं. त्या एका शब्दाची लताबाईला भीती वाटे.

तिने ताट वाढून आणलं. आबांच्या शेजारी त्यांचा पुतण्या देवराम बसला होता. चार कामांना हाताशी कोणी असावं म्हणून तो चांदवडहून आला होता. घरातही डोक्यावरची टोपी काढत नसे.

"आज काय?"

"खिमा, आबा."

आबांनी भाकरीचा तुकडा बुडवला, सावकाश चावला. लताबाई त्यांच्या जबड्याकडे पाहत राहिली.

"बुधवारच्या रश्श्यात नळी नव्हती," आबा म्हणाले. "आज दाताखाली काय अडकत नाय. देवराम, कोण्या खाटकाकडं जातोस रं? बिनहाडाचा बोकड पाळलाय का त्यानं?"

"शहरातलं मटण हाय, आबा. हाडं काढूनच देत्यात."

"हाडं काढल्यावर बोकड उभा कसा राहत आसंल?"

देवरामला हसू फुटलं. लताबाईही हसली, आणि लगेच तिला त्या हसण्याचाच शीण आला. बुधवारी तिने हरभऱ्याची डाळ भरड वाटून, उकडून तिच्या जाड वड्या कापल्या होत्या. रश्श्यात त्या फुटू नयेत म्हणून ती सगळी दुपार पातेल्याजवळ बसून होती. हल्ली तिला बसल्या जागेवरून उठणंच जड जाई. उठावं कशासाठी, हे आधी आठवावं लागे.

"लता, तू आल्यागेल्याचं कळत नाय गं आताशा."

"घरात पायात काही नसतं ना, आबा."

"हां." त्यांचा हात ताटावर क्षणभर थांबला. "वाढ आजून. झ्याक झालाय."

एक बरं होतं. तिचा नवरा जयराम आग्रा रोडवर ट्रक चालवी, आणि तो कधी येणार, असं आबा विचारत नसत. ट्रकवाल्याच्या येण्याजाण्याला ताळतंत्र नसतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. संध्याकाळी नाक्याकडून एखादा भोंगा वाजला की ते मान तेवढी वळवत, आणि मग पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसत. त्यांच्या पाठीवर मावळतीचं ऊन पडलेलं असे. ते ऊन सरेपर्यंत लताबाई उंबऱ्यात बसून राही.

पुढच्या बुधवारी वाटाण्याचा रस्सा झाला. आबांनी तोही मागून मागून खाल्ला. खोटं इतकं सहज पचतं आहे, याचंच तिला वाईट वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी मात्र देवराम सकाळीच पिशवी घेऊन आला. आता हरकत नव्हती. वडीलधाऱ्यांनी तसं सांगितलंही होतं. लताबाईने आपल्याच चुलीवर कांदा भाजला, खोबरं भाजलं. मटण शिजल्याचा वास घरभर झाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती ताट घेऊन भराभर आली. आज ताटात लबाडी नव्हती. तिने नळी मुद्दाम वर ठेवली होती.

"घ्या आबा. आज हाडासकट आहे."

आबांनी चाचपून नळी उचलली. बोटांत फिरवली, नाकाशी नेली. मग ती जपून ताटात परत ठेवली, आणि तांब्यातल्या पाण्याने बोटं धुतली.

"का हो आबा? बरं नाही का वाटत?"

आबांचा हात देवरामकडे गेला. त्यांनी त्याच्या डोक्यावरची टोपी काढली आणि त्या गुळगुळीत डोक्यावरून सावकाश तळवा फिरवला.

"जयरामचं सुतक तुमचं फिटलं आसंल, पोरी," ते म्हणाले. "मला आजून मसूरच वाढ."